अंडी दिसतात, पिल्लं दिसत नाहीत: गोड्या पाण्यातल्या छोट्या श्रिंपची ओळख आणि पैदास

मोरपंखी

नमस्कार मंडळी. माझा ४५ लिटरचा टँक आहे, आठ महिने झाले लावून. तळाला बारीक काळी रेती, लाकडाचे दोन ओंडके, भरपूर जावा मॉस आणि थोडा अनुबियास या पाणवनस्पती, आणि कोपऱ्यात स्पंज फिल्टर. पाणी २४ ते २६ अंशांत राहतं. मासे एकही नाहीत, टँक फक्त श्रिंपसाठी, म्हणजे छोट्या कोळंबीसाठी.

चार महिन्यांपूर्वी 'मिक्स श्रिंप' म्हणून पंधरा नग मिळाले. त्यात मला तीन प्रकार दिसतात. नऊ लाल आहेत, सव्वा-दोन सेंटिमीटरच्या. चार मोठ्या पारदर्शक, अंगावर तपकिरी खुणा असलेल्या. आणि दोन काचेसारख्या स्वच्छ, पुढचे पाय जरा लांब.

अडचण अशी, की दोन मोठ्या पारदर्शक माद्यांनी आतापर्यंत तीनदा अंडी धरली. दर वेळी महिनाभर पोटाशी अंडी घेऊन फिरतात, एका सकाळी पोट रिकामं दिसतं, आणि पिल्लू म्हणून एकही नाही. लाल श्रिंपची आठ-दहा पिल्लं मागे एकदा मॉसमध्ये दिसली होती, आठवड्यात तीच दोन उरली. अमोनिया आणि नायट्राइट शून्य येतं, नायट्रेट १० च्या आसपास. मी काय चुकतेय? फोटो जोडले आहेत. खूप जीव लावलाय या टँकला, कृपया नीट सांगा.

शेवाळवेडी

मॉस छान वाढलंय! अंडी किती बारीक आहेत ते फोटोत कळत नाही. जवळून काढता येईल का?

भिंगवाला

मोरपंखी, टँक उत्तम दिसतोय. पण रंगावरून श्रिंप ओळखायची सवय आधी मोडावी लागेल. रंग ताणाने बदलतो, वयाने बदलतो, तळाच्या रेतीने बदलतो. एकच श्रिंप काळ्या रेतीवर गडद आणि पांढऱ्या रेतीवर फिकी दिसते. पाय बदलत नाहीत. म्हणून पाय बघा.

भिंग घ्या, किंवा मोबाइलवर झूम करून व्हिडिओ काढा आणि हळू वेगात बघा. श्रिंपला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात. आपल्याला पुढच्या दोन जोड्यांची टोकं बघायची आहेत. तिथे केसांचा छोटा झुपका असेल आणि श्रिंप आळीपाळीने ते झुपके पानावर घासून तोंडात नेत असेल, तर ती ॲटीडी कुळातली. नीओकॅरिडिना आणि कॅरिडिना या दोन्ही प्रजाती या कुळात येतात. हे प्राणी शेवाळ आणि पृष्ठभागावरचा जैविक थर खरवडून खातात. जिवंत पिल्लू धरून खाण्याचं हत्यारच त्यांच्याकडे नाही.

झुपक्याऐवजी बारीक चिमटा असेल, आणि दुसरी जोडी पहिलीपेक्षा ठळकपणे लांब असेल, तर ते पॅलेमोनिडी कुळ. मॅक्रोब्राकियम त्यातलंच. लहानपणी सगळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, म्हणून 'घोस्ट श्रिंप' या नावाखाली काहीही मिसळून येतं. यांतल्या काही मोठ्या झाल्या की झोपलेले मासेसुद्धा धरतात.

हे बघून झालं की आणखी दोन गोष्टी सांगा. मोठ्या पारदर्शकवाल्यांच्या कुशीवरच्या खुणा गोल ठिपके आहेत की तुटक रेघा? आणि अंडी मोहरीएवढी ठसठशीत आहेत की रव्याच्या कणांसारखी?

मोरपंखी

काल रात्री दीड तास टँकसमोर बसले. आजवर रोज बघत होते, पण हे दिसलंच नव्हतं!

लाल मादी मॉसच्या काडीवर बसली होती. पुढचे चारही पाय एकामागून एक चालत होते, विणताना बोटं चालतात तसे. टोकाला खरोखर झुपका आहे. काडीला लागला की पंख्यासारखा उघडतो, तोंडाकडे नेताना मिटतो. मोठ्या पारदर्शकवाल्यांचंही तसंच.

त्या दोन काचेसारख्यांचे पाय वेगळे निघाले. दुसरी जोडी बरीच लांब, टोकाला सुईसारखा चिमटा. खाद्याच्या गोळीचा तुकडा टाकला तर एकीने तो चिमट्यात उचलला आणि लाकडामागे पळवला. बाकीच्या श्रिंप गोळीवर बसून खातात, ही उचलून नेते.

मोठ्या पारदर्शकवाल्यांपैकी दोघींच्या कुशीवर खालच्या ओळीत तुटक रेघा आहेत, दोघांच्या अंगावर गोल ठिपके. अंडी रव्याहूनही बारीक, शेकड्यांनी असतील, हिरवट-करडा लगदाच वाटतो.

भिंगवाला

इतकं नेमकं बघितलंत की ओळख जवळजवळ पूर्ण झाली.

लाल म्हणजे नीओकॅरिडिना डेव्हिडी, चेरी श्रिंप. जुन्या लेखांत हीच नीओकॅरिडिना हेटेरोपोडा या नावाने सापडेल.

मोठ्या पारदर्शक म्हणजे अमानो श्रिंप, कॅरिडिना मल्टिडेंटाटा. हिचं पूर्वीचं नाव कॅरिडिना जॅपोनिका, २००६ मध्ये बदललं. जपानचे ताकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकात शेवाळ खाण्यासाठी ती टँकमध्ये वापरायला सुरुवात केली, म्हणून हे चालू नाव. मादीच्या अंगावर तुटक रेघा, नराच्या अंगावर ठिपके. तुमच्याकडे दोन नर, दोन माद्या आहेत.

काचेसारख्या दोन चिमटेवाल्या मॅक्रोब्राकियम किंवा तिच्या जवळच्या नात्यातल्या. नेमकी जात सांगायला पूर्ण वाढ झालेला नर लागतो. पण जात कळायची वाट न बघता आजच त्या वेगळ्या टँकमध्ये काढा. लाल पिल्लं दहाची दोन होण्याचं कारण माझ्या मते तेच. दोन मिलिमीटरचं पिल्लू त्या चिमट्यात सहज मावतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. अंडी किती आहेत यापेक्षा केवढी आहेत ते महत्त्वाचं. चेरी मादी वीस-तीस अंडी धरते, पण एकेक अंडं जवळपास एक मिलिमीटरचं. त्यात बलक भरपूर असतो, त्यामुळे वाढीच्या सगळ्या पायऱ्या अंड्यातच पार पडतात आणि बाहेर येतं ते आईची हुबेहूब छोटी नक्कल. जन्मल्या दिवसापासून मॉसवर चरायला लागतं. अमानो मादी हजार-दोन हजार अंडी धरते. इवल्या अंड्यात शिदोरी इवलीच, त्यामुळे बाहेर येते ती अळी. निसर्गात ती ओढ्यातून वाहत समुद्रापर्यंत जाते, खाऱ्या पाण्यात वाढते आणि श्रिंपचं रूप आल्यावर पुन्हा गोड्या पाण्यात चढते. तुमच्या टँकमध्ये अळ्या तीनही वेळा जन्मल्या. गोड्या पाण्यात त्या काही दिवसांच्या वर टिकत नाहीत, आणि इतक्या बारीक असतात की दिसतही नाहीत.

तुमचं काहीच चुकलेलं नाही.

मोरपंखी

वाचून डोळ्यांत पाणी आलं खरंच. तीन वेळा मी पाणी बदललं, फिल्टर धुतला, खाणं बदललं, आणि कारण हे होतं. चिमटेवाल्या दोघी आज संध्याकाळी जुन्या २० लिटरच्या टँकमध्ये हलवल्या.

शेवाळवेडी

अमानोच्या अळ्या वाढवायच्या असतील तर माझा अनुभव लिहिते. दोन प्रयत्न पूर्ण फसले, तिसऱ्यात एकोणचाळीस श्रिंप हाती लागल्या.

अंडी करडी पडून त्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसायला लागले की मादीला वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवायचं, पाणी मुख्य टँकचंच. अळ्या सहसा रात्री सुटतात. मग अंधार करून एका कोपऱ्यात टॉर्च लावायचा. सगळ्या अळ्या उजेडाकडे गोळा होतात, डोकं खाली, शेपूट वर अशा लटकत. तिथून बारीक नळीने ओढून घ्यायच्या आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच खाऱ्या पाण्यात न्यायच्या. मीठ सागरी टँकचंच हवं, स्वयंपाकाचं चालत नाही. खारटपणा लिटरला ३० ते ३५ ग्रॅम, म्हणजे समुद्राइतका. पहिल्या खेपेला मी १७ ठेवला होता, 'निमखारं पुरेल' असं कुठेतरी वाचून. दहाव्या दिवशी सगळ्या गेल्या.

खाणं म्हणजे तरंगतं सूक्ष्म शेवाळ. हिरवं पाणी आधीच तयार हवं, अळ्या जन्मल्यावर तयारीला लागलं तर उशीर होतो. हवा अगदी मंद, बुडबुडे मोजता येतील इतकी. फिल्टर नाही. माझ्याकडे पहिली अळी पस्तिसाव्या दिवशी तळाला बसली, शेवटची दोन महिन्यांनी. रूप बदललं की ती सरळ, पुढे तोंड करून पोहते, लटकत नाही. तेव्हा तिला गोड्या पाण्यात आणायचं.

कष्ट खूप आहेत. आधी चेरीची पैदास नीट बसू द्या, मग याच्या मागे लागा, असं मनापासून सांगेन.

तळ्याकाठी

शेवाळवेडींशी पूर्ण सहमत. चेरीबद्दल मी लिहितो, बारा वर्षं पाळतोय.

नऊ श्रिंप पुरे आहेत, त्यात दोन्ही लिंगं असली म्हणजे झालं. मादी मोठी, रंगाने गडद, आणि पोटाची खालची कड कमानीसारखी खोल, कारण तिथे अंडी मावायला हवीत. नर सडपातळ, फिका, पोटाची कड सरळ. मादी वयात आली की मानेमागे पाठीवर पिवळट किंवा हिरवट डाग दिसतो, खोगीर ठेवल्यासारखा. त्याला सॅडल म्हणतात. ती अंडाशयात तयार होणारी अंडी. मग ती कात टाकते, पाण्यात गंध सुटतो, आणि सगळे नर वेड्यासारखे टँकभर पोहायला लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पाण्यात विष गेलं. बाकीच्या श्रिंप शांत चरत असतील आणि फक्त बारीक नरच धावत असतील तर घाबरू नका, दोन-तीन तासांत थांबतात. त्यानंतर अंडी पाठीवरून पोटाखाली येतात आणि मादी पोहायच्या पायांनी त्यांना सतत वारा घालत राहते. २४-२५ अंशांना साधारण चार आठवडे, पाणी उबदार असेल तर तीन.

पाणी: पीएच (आम्लता) ६.८ ते ७.६, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा एकूण जडपणा) ६ ते ८, केएच (कार्बोनेटमुळे येणारा जडपणा) २ ते ५, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १५० ते २५०. या आकड्यांच्या मागे धावण्यापेक्षा ते आकडे स्थिर ठेवणं जास्त मोलाचं. मी आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो, तेही थेंबथेंब. एकदम अर्धं पाणी बदललं की श्रिंप अवेळी कात टाकतात आणि त्यातच मरतात.

तापमान ३० च्या वर जाऊ देऊ नका. आणि एक गंमत लक्षात ठेवा, थंड पाण्यात वाढलेल्या पिल्लांत माद्या जास्त निघतात, उबदार पाण्यात नर. माझ्या २२ अंशांच्या टँकमध्ये हे स्वच्छ दिसतं.

मोरपंखी, तुमचं जीएच किती? तुम्ही लिहिलं नाहीत.

नवशिका२

धागा वाचतोय, फार उपयोगी. माझ्याही एका चेरीने अंडी धरलीत, पण हिरवीगार आहेत आणि दोन महिने झाले तरी फुटत नाहीत. थंडीमुळे उशीर होतो का?

भिंगवाला

नवशिका२, दोन महिने म्हणजे ती अंडी नसावीत. अंडी गोल, सुटी, एकेक मोजता येतात, आणि मादी पाय हलवते तशी मागेपुढे होतात. तुमच्याकडे गोल दाण्यांऐवजी हिरवट तंतू किंवा कापसासारखं दिसतंय का? पायांच्या बुडाशी चिकटलेलं? असेल तर ती 'हिरवी बुरशी' म्हणून ओळखली जाणारी परजीवी बाधा. ती नरालाही होते, ही ओळखायची आणखी एक खूण. आजच ती श्रिंप वेगळी करा, मेली तर बाकीच्यांनी तिला खाण्याआधी काढा. बाकी प्रत्येकीचं पोट काचेतून तपासा.

नवशिका२

कापूसच आहे. आणखी एकीला सुरुवात दिसली. दोघी वेगळ्या केल्या. तुम्ही वेळेवर सांगितलंत, आभारी आहे.

मोरपंखी

तळ्याकाठी, जीएच आज मोजलं: ३. आणि आज सकाळीच एक लाल मादी मेलेली सापडली. डोक्याचं कवच आणि पोट यांच्या सांध्यात पूर्ण गोल पांढरा पट्टा. हेच का ते?

तळ्याकाठी

वाईट वाटलं. हो, हेच. कात टाकताना कवच मानेपाशी फक्त पाठीच्या बाजूने फाटतं आणि श्रिंप कोयंडा वाकवावा तशी कंबरेत वाकून एका झटक्यात बाहेर पडते. कवच सगळीकडून गोल फाटलं तर पकड सुटते, तिला बाहेर पडता येत नाही. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी असणं किंवा पाणी अचानक बदलणं, बहुतेक वेळा यांतलं काहीतरी कारण असतं. तुमच्याकडे दोन्ही घडलं असावं, कारण पिल्लांच्या काळजीने तुम्ही वारंवार पाणी बदलत होतात.

श्रिंपसाठी मिळणारे खनिज क्षार बदलायच्या पाण्यात मिसळा आणि जीएच आठवड्याला एकाने वाढवा, घाई नको. समुद्रफेणाचा तुकडा बरेच जण टाकतात. त्रास काही नाही, पण उदासीन पाण्यात तो फार हळू विरघळतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. टाकलेल्या काती काढू नका, श्रिंप त्या खातात.

काठावरचा

माझ्याकडे निळ्या आणि पिवळ्या चेरी आहेत. मोरपंखींसारख्या लाल आणून एकाच टँकमध्ये ठेवल्या तर रंगीबेरंगी पिल्लं येतील ना?

भिंगवाला

येणार नाहीत, आणि आली तरी ते रंग टिकणार नाहीत. लाल, निळी, पिवळी, नारिंगी, सगळ्या एकाच जातीच्या. निवडून निवडून त्यांचे रंग पक्के केलेले आहेत. मिसळल्या की दोन-तीन पिढ्यांत तपकिरी-पारदर्शक मूळ रंगाकडे परत जातात. एका टँकला एकच रंग ठेवा.

नीओकॅरिडिना आणि कॅरिडिना यांचा आपसात संकर होत नाही, म्हणून चेरी आणि अमानो एकत्र ठेवायला हरकत नाही. क्रिस्टल रेड आणि टायगर या दोन्ही कॅरिडिना मात्र एकमेकींत मिसळतात. २०१४ मध्ये त्यांना स्वतंत्र जाती म्हणून नावं मिळाली, कॅरिडिना लोगेमानी आणि कॅरिडिना मारिए. क्रिस्टलला पाणी आम्लधर्मी लागतं, पीएच ६ च्या आसपास, केएच जवळपास शून्य. चेरीच्या पाण्यात तिला ढकलू नका. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तळ्यातली कॅरिडिना डेनर्ली तर याच्या बरोबर उलट, पीएच ८ च्या आसपास आणि २७-२८ अंश. 'श्रिंपचं पाणी' असं एकच काही नसतं, ते जातीवर ठरतं.

शेवाळवेडी

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. नवीन वनस्पती सरळ टँकमध्ये टाकू नका. मागच्या वर्षी मी एक सुंदर जुडी आणून धुऊन लावली, दोन दिवसांत साठ चेरी गेल्या. त्या पानांवर कीटकनाशक होतं. आता प्रत्येक नवीन रोप तीन आठवडे वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलून. त्यात चतुराची अळी किंवा प्लॅनेरिया हा चपटा किडा असेल तर तेही तिथेच कळतं. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, तीही श्रिंपच्या टँकपासून दूरच.

मोरपंखी (सात आठवड्यांनंतर)

मंडळी, कळवायचं राहिलं होतं. जीएच आता ७ वर आहे, टीडीएस १९०. त्यानंतर एकही श्रिंप कात टाकताना गेली नाही. खाणं आठवड्यातून तीनदाच, दोन तासांत संपेल इतकं. बाकी दिवस मॉस आणि एक सुकलेलं बदामाचं पान.

तीन लाल माद्यांनी अंडी धरली. एकीची अंडी मी रोज बघत होते. आधी पिवळी, मग पारदर्शक होत गेली, आणि एकविसाव्या दिवशी प्रत्येक दाण्यात दोन काळे टिपके. डोळे! मादी वारा घालताना मधूनच एक अंडं पायाने फिरवून पुन्हा जागेवर बसवत होती. सव्विसाव्या दिवशी पोट अर्धं रिकामं. मॉसजवळ टॉर्च धरला तर काडीवर केसाएवढं काहीतरी हललं. भिंगातून पाहिलं: पाय, मिशा, डोळे, सगळं जागच्या जागी, आणि पुढचे चार पाय आईसारखेच चालत होते.

काल रात्री मोजली. एकतीस, आणि मॉसच्या आत असतील ती वेगळी.

एक प्रश्न आहे. त्यातली चार पिल्लं लाल नाहीत, फिकी तपकिरी आहेत, पाठीवर उभी रेघ. आजारी आहेत का?

तळ्याकाठी

एकतीस! फार आनंद झाला. ती चार अगदी ठणठणीत आहेत, मूळ रानटी रंगावर गेली आहेत. मात्र अजून महिनाभर थांबा, नर असतील तर लाल असूनही लहानपणी फिकेच दिसतात. तीन-चार महिन्यांत वयात येतील, त्याआधी ठरवायचं. तपकिरीच राहिली तर लाल टँकमधून काढा, नाहीतर पुढची पिढी फिकी होत जाईल.

मोरपंखी

काढून कुठे ठेवू? मारायला हात धजणार नाही.

भिंगवाला

मारायचं कशाला! वेगळा टँक द्या, त्यांचीही पैदास होऊ द्या. फक्त त्या २० लिटरच्या टँकमध्ये नको, तिथे चिमटेवाल्या दोघी आहेत. आणि ओढ्यात, तळ्यात सोडू नका, कितीही दया आली तरी.

मोरपंखी

नाही सोडणार. पंधरा लिटरची एक बरणी रिकामी आहे, फिल्टरचा दुसरा स्पंज मुख्य टँकमध्ये आजच टाकून ठेवते, महिन्याभरात त्यात उपयोगी जिवाणू मुरतील.

शेवाळवेडी, अमानो मादीने पुन्हा अंडी धरलीत. हिरवं पाणी करायला बाटल्या खिडकीत ठेवल्यात. सागरी मीठ आलं की तुम्हाला विचारत विचारत करीन.

शेवाळवेडी

नक्की. अंड्यांत डोळे दिसले की त्याच दिवशी इथे लिहा.